मागच्या खोलीची कडी काढू नकोस

ढब्या,

दूध तापवून ठेवलंय. तुझा निळा शर्ट दोरीवरच आहे. मागच्या खोलीला मी कडी घातली आहे, ती काढू नकोस. बिस्किटांचा डबा सोबत नेतेय.

मी आणि बुजरी मावशीकडे चाललोय. तुझा फोन कारखान्यात लॉकरमध्ये असतो, म्हणून ही चिठ्ठी. वाचलीस की चपलासुद्धा न काढता निघ.

बुजरीला प्राण्यांच्या संस्थेतून सोडवून आणल्यापासून आपण धरून चाललो, की ही कुत्री माणसांना बिचकते. म्हणून तुला शिकवलं: मागच्या खोलीत दाराकडे पाठ करून बसायचं, हात मागे करून तळव्यावर बिस्कीट धरायचं, काही झालं तरी वळायचं नाही. पण आज जनावरांच्या दवाखान्यात ती कंपाउंडरच्या मांडीवर डोकं टाकून झोपली. एका अनोळखी आजींच्या हातून खाल्लं. माणसांची भीती तिला नाहीच रे. ती फक्त त्या खोलीच्या उंबऱ्यावर थिजते.

आज सकाळी कामावर पोचल्यावर फोन केलास, केवढा खुशीत होतास! "ताई, घेतलं गं तिनं बिस्कीट! तळवासुद्धा चाटला, गारेगार जीभ! आता तिला परत नाही पाठवायचं. आणि मी वळलो नाही हां, उगाच ओरडू नकोस."

तिला परत पाठवायचं नाहीच. आपणच दुसरं घर बघू.

हात साबणाने नीट धू. मावशीकडे येऊन धू, इथे थांबू नकोस.

ताई

सकाळी तू उठायच्या आधीच मी बुजरीला दवाखान्यात घेऊन गेले होते.