मुरबाडला, सहज

शनि., ४ ऑक्टो.
आमच्या शेणव्यात आज सूर्य पश्चिमेला उगवला. दादा म्हणाला, "उद्या सगळेच मुरबाडला जाऊ. सहज गो. फिरू, मिसळ खाऊ." रविवारी अंथरूण न सोडणारा हा माणूस!
मी म्हटलं, नर्सिंगची परीक्षा आहे. तर, "एक दिवस नाय वाचलंस तर पेशंट मरणार नाय." वहिनीने माझा पिवळा ड्रेस इस्त्री करून ठेवलाय. लाड चाललेत.

रवि., ५ ऑक्टो.
मज्जा! मिसळीने नाकाडोळ्यांतून पाणी. आईने दोन वाट्या दही संपवलं. मग बाजारभर भटकलो. वहिनीचं सारखं, "तू चाल पुढं, आमी येतो मागून." बांगड्या घेतल्या. आइस्क्रीमच्या गाडीपाशी दादाने एकाला फोटो काढायला सांगितलं. तेवढ्यात म्हणतो, "आई, पोट आत घे." सगळे हसून फुटलो.
असा भाऊ सगळ्यांना मिळो.

मंगळ., ७ ऑक्टो.
वहिनी फोनवर कुणाला तरी, "चाल बघितली ना त्यांनी? मग झालं तर." मी मागेच उभी. कोणाची चाल, विचारलं. आधी बावरली, मग सगळं ओकली.
हॉटेलात शेजारच्या टेबलावर दोन बायका होत्या. बाजारातही आमच्या मागे त्याच. मला दाखवायला नेलं होतं. आईलाही ठाऊक. नव्हतं ते फक्त मला आणि दादाच्या चार वर्षांच्या पोरीला. दोघींना एका पंक्तीत बसवलं.
नर्सिंगला घातलं तेव्हा दादानेच शब्द दिला होता, नोकरी लागेपर्यंत हिला कोणी बघायला येणार नाय. संध्याकाळी तोच शब्द तोंडावर फेकला. तर शांतपणे भाकरी मोडत म्हणतो, "कोण आलं बघायला? आपणच गेलो ना गो."
वर हसला. हसला!! जेवले नाही. ड्रेस पेटीच्या तळाशी कोंबलाय.

गुरु., ९ ऑक्टो.
त्यांचा होकार आला. आई विचारते, "तुला कसा वाटला पोरगा?"
कोण पोरगा? मी मिसळ बघितली, बांगड्या बघितल्या.
"अगो, फोटो काढला नाय का त्यानं, तोच."
चेहरा आठवत नाही. आठवतो तो चेहऱ्यापुढचा फोन.
रविवारी दादा त्यांना आमचा होकार कळवणार. मी नाही म्हटलंय, दोनदा. तो म्हणतो, "लाजतेस कशाला? फोटो बघून पोराची आई म्हणाली, पोरगी किती मोकळी हसते आमच्या पोराकडं बघून. त्यांनी तर तुझा होकारच धरलाय."
मघाशी फोटो उघडला. आई पोट आत घेऊन उभी. दादाचा हात माझ्या खांद्यावर. आणि मी समोर बघून खिदळतेय, दात दाखवून.
दादाच्या बोलण्याला हसले होते मी.