रेडिओतली टकटक

३ जून, मंगळवार
माझा गुडघा बरा. बिडी कुत्री म्हातारी झाली तरी भुंकते. कोंबड्या इथल्या जूनच्या हिवाळ्यानं रुसल्यात. शेजारच्या क्लाइव्हचं कसं काय, देव जाणे! दर रविवारी वावरातून चालत यायचा, मी भाजलेल्या स्कोन-पावांवर अर्धी बरणी जॅम थापायचा. एप्रिलात ईस्टर झाल्यापासून फिरकलेला नाही. मी काय केलं?

सासूबाईंचा बॅटरीवरचा रेडिओ उघडलाय. आत उंदराचं घरटं! "हा डबा वाजला तर मिशा उतरवीन," तो मेला क्लाइव्ह म्हणाला होता.

७ जून
नऊ व्होल्टच्या दहा बॅटऱ्या माळेसारख्या ओवल्या. आतले काचेचे व्हॉल्व्ह पेटेचनात. ते ईस्टरआधी क्लाइव्हनंच तपासून दिले होते — मनात पाल चुकचुकली. चांगले ठेवून घेऊन मेलेले दिले की काय?

तालुक्याच्या रेडिओ-मंडळातल्या लॉर्नाला फोन केला. "अगं थेल्मा, बॅटरीचे व्हॉल्व्ह दिव्यासारखे उजळत नाहीत. डोळे काय लावतेस, कान लाव!"

तरी एकदा तपासून घेईन.

११ जून
वाजला! गव्हाचे भाव सांगत होता कुणीतरी. मी एकटीच टाळ्या पिटल्या. पण मधेच — टक्... टक्... टक्. कंडेन्सर बदलले, डाख पुन्हा लावले. टकटक आहेच.

१२ जून
लॉर्नाला फोनवरच ऐकवली. हसली. "रेडिओ निर्दोष आहे, बाई. जवळच्या कुठल्यातरी विजेच्या कुंपणाची वीज गळतेय, दर झटक्याला एक टक्."

क्लाइव्हचं कुंपण! तरी म्हटलं, पाणी कुठंतरी मुरतंय.

१४ जून
दुकानात गाठला.
"कुंपण बंद कर तुझं. मुद्दाम करतोस!"
"मेंढ्या विकल्या तेव्हाच बंद केलं. दोन महिने झाले."
"मग येत का नाहीस?"
"ते तू मला विचारतेस, थेल्मा?" पाव उचलून चालता झाला. दुकानदारीण टकमक बघत होती.
खोटारडा! तीस वर्षांचा शेजार, आणि डोळ्याला डोळा भिडवीना.

१५ जून, रविवार
पुरावा हवाच. रेडिओ ढकलगाडीत ठेवला — बॅटरीवरचा म्हणून बरं! — आणि क्लाइव्हच्या हद्दीला नेला. टकटक मंदावली. अख्खी हद्द पालथी घातली. जवळजवळ नाहीच.

चिडून परत फिरले. घराकडे येऊ लागले तशी वाढत गेली. खुराड्यापाशी तर कान किटले. कोल्हे येऊ नयेत म्हणून माझ्या लेकानं, ग्लेननं, विजेची तार ओढलीय तिथं, उन्हावर चालणाऱ्या सौरपेटीवरची. ईस्टरला आला होता, तेव्हाच.

उजेड सरला. उद्या बघते.

१६ जून
तारेचं टोक सुटून मागच्या लोखंडी फाटकावर पडलंय. मी रस्त्याच्या बाजूनंच ये-जा करते. वावरातून येताना त्या फाटकाला हात लावतो तो एकटा क्लाइव्ह.

पेटी बंद केली. त्याच्या पत्रपेटीत चिठ्ठी टाकली: "झटका मी दिला नव्हता रे, ग्लेनच्या तारेनं दिला. फाटक सताड उघडं ठेवलंय. लवकर उलट टपाली कळव."