कमळाताईच्या मोरीतलं पाणी

परळ, मुंबई
१२ नोव्हेंबर १९७६

प्रिय कमळाताई,

हे पत्र कुणाकडून वाचून घेऊ नकोस. तुला अक्षरं लावून वाचता यावं म्हणून मोठं लिहिते आहे.

गणपतीत मी भिवंडीला आपल्या गल्लीतल्या गटाराच्या पाण्याने बाटल्या भरत होते, तेव्हा शेजारची धोंडूबाई ओरडली होती, "एवढी शिकली न् गटार उपसते गो बाय!" तू हसलीस, पण बाटलीची दोरी धरून उभी राहिलीस. ते पाणी मी गाळून विषमज्वराच्या जंतूंवर टाकलं. बशीत जंतूंचा पांढुरका थर धरतो. त्यात टाचणीच्या डोक्याएवढी स्वच्छ भोकं पडली. जंतूंना मारणारा विषाणू होता तो. खाडीकडच्या नाल्यात चार भोकं, वळणावर एकतीस, आपल्या खानावळीची मोरी गटारात उतरते तिथे दोनशे बारा. तीनदा मोजली.

दिवाळीत तुला एवढंच सांगितलं, की तुझ्या मोरीतलं पाणी तापाचे जंतू मारतं. तू ते कौतुकाने पंगतीत सांगितलंस. लूमवरचा रामनाथ म्हणाला, "मग ताई, ताकाऐवजी तेच वाढा!" सगळे हसले. मीही हसले.

उरलेलं अर्धं मी गिळलं. हा विषाणू त्या जंतूशिवाय वाढत नाही. जिथे तो इतका, तिथे जंतूही रोज येत असणार. त्या मोरीत आपल्या संडासाचं पाणी उतरतं, आणि तो रोज वापरणारी तू एकटी. माझ्या मॅट्रिकच्या वर्षी तुला एकवीस दिवस ताप होता, आठवतं? ताप उतरला तरी काहींच्या पित्ताशयात जंतू राहतो. त्यांना काही होत नाही. ते ज्यांना जेवू घालतात, त्यांना होतं. तपासणीशिवाय खात्रीने म्हणता येणार नाही, पण संशय मला तेव्हाच आला होता.

प्रयोगशाळेत सरांनी पाणी कुठलं विचारलं, तेव्हा मी "भिवंडीचा एक नाला" म्हटलं. इथे सगळ्यांना माझी बहीण शिवणकाम करते असंच माहीत आहे. खरी जागा सांगायची तर आधी खानावळ सांगावी लागली असती.

काल भिवंडीहून कापडाचे तागे घेऊन चिंधूमामा आले. म्हणाले, रामनाथ आठ दिवस तापाने पडलाय आणि तू त्याला रोज पेज पाठवतेस. ताई, पेज थांबव. मामा आज परत निघताहेत; ते हे पत्र देतील त्या क्षणी चूल बंद कर. आज मी सरांना सगळं सांगितलं, आणि तुला न विचारता डॉक्टरांना तुझं नाव, पत्ता दिला. ते उद्या सकाळी येतील. आधी रामनाथकडे, मग तुझ्याकडे. तुझ्यावर उपचार आहेत. मी त्यांच्याबरोबर असेन. तुला मला जे बोलायचं असेल, ते गल्लीसमोर बोल.

उद्यानंतरही मानलंस तर तुझीच,
काशी