फुलसावंगीची गणेर

आई, परवा सकाळी दिग्रसच्या घरी गणेरीला पहिलं फूल आलं. एकही पान नसलेल्या फांदीच्या टोकाला, पिवळंधमक, माझ्या तळहाताएवढं. हे सांगायला तू हवी होतीस.

तू फुलसावंगीला नर्स होतीस तेव्हा एकदा तांड्यावर लसीकरणाला गेलीस आणि येताना पदरात गणेरीची फुटलेली बोंडं घेऊन आलीस. आत कापसासारखे मऊ तंतू, त्यात अडकलेल्या बिया. बी इतकं टणक की तू ते खरबरीत दगडावर घासलंस, रात्रभर कोमट पाण्यात ठेवलंस आणि क्वार्टरच्या अंगणात काळ्या मातीत टोचलंस. बाबा जाऊन वर्षही झालं नव्हतं. घरात काहीतरी वाढतंय याचाच मला एवढा आनंद, की शाळेतून आले की आधी रोपाला तांब्याभर पाणी. भर पावसाळ्यात ते बुडातून सडलं. तू उपटून माझ्यासमोर धरलंस. "तहान नसतानी तुले कोनी पाजतच राह्यलं तर काय करशीन? डोंगरावरचं झाड हाये हे. याले ऊन पाह्यजे."

दुसऱ्या खेपेला आपण दोघींनी टोपल्यांनी मुरूम आणला, खडे मिसळले आणि पाणी थांबू नये म्हणून गुडघाभर उंच ओटा केला. रोप जोमानं वाढलं. हिवाळ्यात मात्र सगळी पानं गळाली, नुसती काठी उरली, आणि मी रडू लागले. तू नखानं साल जराशी खरवडलीस. आत हिरवं होतं. "काहून रडून राह्यली? जित्तं हाये ते." मग माझी वेणी घालायला बसलीस. बाबांचं नाव दोघींपैकी कोणीच काढलं नाही.

उमरखेडला तुझी बदली झाली तेव्हा झाड माझ्या खांद्याला लागत होतं. मी ते खणून न्यायचा हट्ट धरला. "मुळी तुटली की गेलं. राहू दे. आपन येऊ ना पाह्याले." येणं झालं नाही. उमरखेडलाच तुझं दुखणं निघालं, आणि पुढचा फाल्गुन तू पाहिला नाहीस.

लग्नानंतर मी एकटीच एसटीनं फुलसावंगीला गेले. क्वार्टरच्या फाटकाशी उभी आहे. झाड छपराच्या वर गेलंय, अंगभर पिवळं. आतून एक तरुण नर्स येते. "ताई, कोन पाह्यजे?" मी झाडाकडे बोट करते. तिनं आत नेऊन चहा दिला. म्हणाली, "कोनं लावलं मालूम नाही, पन मी कोनाले तोडू नाही देत." उन्हाळा सरताना तिनंच बोंडं पाठवली. त्यातलंच हे दिग्रसचं झाड.

आता शेजारच्या बाया बोंडं धरली की बी द्या म्हणतात. मी सांगते, बी घासून घ्या, मुरमाचा उंच ओटा करा, पावसाळ्यात वरून पाणी देऊ नका, आणि पानं गळाली म्हणून उपटून टाकू नका.

हे पत्र मी कुठं पाठवणार? पण एक खरं सांगते. वर तुझं म्हणून जे बोलणं लिहिलं, ते शब्दन्‌शब्द तुझंच असेल असं नाही. तुझा आवाज मला आता नीट आठवत नाही. माती उकरताना मीच मोठ्यानं वऱ्हाडीत काहीतरी बोलते, आणि ते तू बोललीस असं धरून चालते.