थोरल्या मालकाचं नाव

अवो,

तुमच्या माघारी पहिल्यांदाच लिहितेय. दुष्काळात निलंग्याहून पोटासाठी लातूरला आलो, आन् डाळमिलच्या पट्ट्यानं तुम्हाला ओढून नेलं. मिलमधे समदे म्हणले, माणूसच बेसावध होता. ते मला लई लागलं. पट्ट्यावरची आडोशाची जाळी थोरल्या मालकानं काढायला लावली, हे मी तिथंच डाळ निवडताना डोळ्यानं बघितलं होतं.

पहिलं तक्रारीला उस्मानाबाद गाठावं लागायचं. आता लातूर जिल्हा झाला, कामगारांचे साहेब इथंच बसतात. तोंडी सांगितलं तरी लिहून घेतात, असं शेजारची महानंदा म्हणली. तिच्यासंगं गेले.

साहेबांनी विचारलं, "जाळी कुणी काढायला लावली?"

"थोरल्या मालकानं."

"बाई, कागदावर नाव लागतं. नाव सांगा."

माझी जीभ उचलंना. साहेबांना वाटलं, मी भ्याले. "घाबरू नका. कामावरून काढलं तर तेबी येऊन सांगा," म्हणले. त्यांना कसं सांगू, मालकाचं आन् तुमचं नाव एकच हाय? लग्नात उखाण्याच्या वक्ताला मी लाजून आत पळाले, तवा तुम्ही हसून म्हणला होता, "ऱ्हाऊ द्या, घेईल कधीतरी."

शेवटी घेतलं. "शिवप्पा," म्हणले. साहेबांनी लिहिलं. तुमचं नाव माझ्या तोंडून पहिल्यांदा निघालं, ते त्या मालकासाठी.

घरी आले, दार लावलं आन् एकदा तुमच्यासाठी घेतलं.

ओ आली न्हाई.

तुमचीच,
नीलम्मा