चाकाचं गिऱ्हाईक

रिहे, रविवार

प्रिय सायले,

फोन केला की ‘आई, मीटिंगमध्ये आहे’ म्हणून तू मला दोन शब्दांत कटवतेस, म्हणून हे पत्र. कागदाला मीटिंग नसते. लोक एक जानेवारीला वजन कमी करायचं ठरवतात, आणि माझी लेक ठरवते की गोठ्यातलं मातीकामाचं चाक विकून टाकायचं! तुझा निरोप आला तसं आबांनी लगेच कासारसाईच्या शैलेशला सांगितलंसुद्धा. त्याला ते धरणाजवळच्या त्याच्या हॉटेलात मांडायचंय, पाहुण्यांना फोटो काढायला. संक्रांतीनंतरच्या रविवारी टेम्पो घेऊन येतो म्हणाला.

भट्टीत तुझी सगळी भांडी तडकली आणि पुण्याच्या प्रदर्शनात तू रिकामं टेबल घेऊन उभी राहिलीस, ते मला कळतं गं. पण त्या दिवसापासून तू मातीला शिवली नाहीस आणि हिंजवडीला परत नोकरी धरलीस. नोकरी कर की, कोण नको म्हणतंय? पण चाक काय तुझ्या उरावर बसलं होतं?

मग मीही ठरवलं, यंदा संक्रांतीची सुगडं पौडच्या बाजारातून आणायची नाहीत, आपल्या हातानं करायची. हसू नकोस. चाकाला हात लावायचं धाडस नव्हतं, म्हणून नुसत्या बोटांनी. पहिल्या दिवशी फक्त बांधावरची माती भिजवली आणि चहा घेतला. दुसऱ्या दिवशी ती मळली आणि परत चहा घेतला. नव्या सुनेशी बोलावं तसं जपून चाललं होतं. आबा दारात उभे राहून रोज विचारायचे, ‘रंभा, सुगड हाय का शेणाचा पो?’ मग एके दिवशी स्वतःच मांडी घालून बसले. बैल केला. मी म्हटलं, कुत्रं छान झालंय. दोन वेळा जेवले नाहीत.

तुझी भट्टी मला कुठली पेटवता येते! मला ठाऊक राब भाजणं. उन्हाळ्यात भाताच्या रोपांसाठी वाफा भाजतो, तसंच शेण, पाला, पेंढा रचला, वर माती लोटली आणि दिली पेटवून. अर्धं गाव गोळा झालं. शेजारची आक्काबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, ‘आबा, बायकूला आवरा, पौषात राब भाजतीया!’

काही सुगडं काळी निघाली, काही कच्चीच राहिली. एकही सरळ उभं राहीना. तरी त्यात उसाचे तुकडे, बोरं, हरभऱ्याचे घाटे भरले आणि बायकांबरोबर देवळात एकमेकींना वाण द्यायला, ववसायला गेले. संक्रांतीला दिलेलं सुगड कुणी परत करत नाही, तेवढाच मला आधार. आक्काबाईनं माझं सुगड पदरात घ्यायला उचललं, तर बूड खालीच! बोरं गडगडत थेट विठोबाच्या पायाशी. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. आधी कुणीतरी फिसकन हसलं, आणि मग अख्खं देऊळ हसायला लागलं. मीसुद्धा हसले गं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. तुझी भांडी फुटली त्या दिवशी तुझ्याशेजारी असं हसायला कुणी नव्हतं, याचं मला तेव्हा फार वाईट वाटलं.

आक्काबाईनं ते बिनबुडाचं सुगड टाकलं नाही हं. मिरचीच्या रोपाभोवती घातलंय, कोंबड्या शिवत नाहीत म्हणे. ‘आनखी चार दे, पर बूड लावू नगंस,’ असं सांगून गेली. माझी पहिली ऑर्डर!

आज शैलेश आला. त्याला चहा पाजला आणि टेम्पो रिकामाच परत पाठवला. आबा चिडलेत, तूही चिडशील, म्हणून तर एवढं पाल्हाळ लावलं. तर ऐक. चाक विकलं. घेणारीण मी. आता ते माझं, तुला त्याच्याकडे बघून लाजायचं कारण नाही. पण मेलं मला चालवता येत नाही. बटण दाबलं की माती भिंतीवर! पुढच्या रविवारी ये. काही बनवू नकोस. नुसती शेजारी बस आणि माझे हात धरून माती मधोमध कशी बसवायची तेवढं दाखव. तुझं पहिलं ‘श्री’ मी असंच हात धरून गिरवून घेतलं होतं. ते वाकडंतिकडं आलं, तरी तू पाटी उराशी धरून घरोघर दाखवत फिरलीस. ती पोरगी मला घरी हवी आहे.

तुझीच, आता तुझ्या हाताखाली शिकायला बसलेली,
आई