मेस्कालमधला पाला

प्रिय यादिरा,

तुझ्या आईकडून पत्ता घेतला आणि लिहायला बसले. फोन केला असता, तर "निना, मीटिंगमध्ये आहे" म्हणून तू ठेवला असतास. आपल्या गावात तुझ्या बाटल्या पोचल्या. हिरवं झाकण, वर तुझं नाव, खाली गोबेर्नादोराच्या झुडपाचं चित्र. मिरचीच्या वाफ्यांत कोंब वर आलेत आणि येत्या सोमवारपासून सगळे तेच औषध शिंपणार आहेत. दुकानदार मोठ्या अदबीनं मलाच समजावत होता, "दोन्या ओब्दुलिया, घ्या एक, मुळं कुजायची थांबतात." मी म्हटलं, "हो का?" दुसरं काय बोलणार!

फ्रेस्नियोच्या मिरचीवाल्यांच्या मेळाव्याला मी आले होते, हे तुला माहीत नसेल. तू बोलावलं नव्हतंसच. नवी शाल घेऊन पार मागे बसले होते. बाप्तिस्म्याच्या वेळी जिला मी धर्ममाता म्हणून, तिची निना म्हणून हातांवर धरलं, ती पोर माईकपुढे उभी बघून ऊर भरून आला. मग तू म्हणालीस, "आमच्याकडच्या भाबड्या बायका वर्षानुवर्षं हा गोबेर्नादोराचा पाला पाण्यात उकळत बसायच्या, उपयोग शून्य. दारूत भिजवला की खरा अर्क उतरतो, हे मी शोधलं." सगळे हसले. शेजारचे हसले म्हणून मीही हसले. अर्ध्या हसण्यात कळलं, ती भाबडी बाई मीच.

तू शोधलंस? अगं, ते शोधलं माझ्या नवऱ्यानं, तेही चोरी लपवताना. मी हंड्यात पाला भिजत घातला होता. चोननं माझ्या नजरेआड करायला मेस्कालची बाटली त्यातच खुपसली आणि मी पाला दाबायला वर धोंडा ठेवला. आठवड्यानं झाकण काढलं, तर बाटलीच्या काचा, पाला डिंकासारखा चिकट आणि सगळ्या घरभर दारूचा वास. आधी चोनला धुतला. मग टाकून द्यायचं जिवावर आलं, म्हणून ते गाळलं, पाणी घालून पातळ केलं आणि मरायला टेकलेल्या एका ओळीला ओतलं. बाकीच्या शेतानं माना टाकल्या, ती ओळ तेवढी उभी राहिली. पंधरा वर्षांची तू उकिडवी बसून एकेक रोप हलवून बघत होतीस आणि ओरडलीस, "निना, एकही मेलं नाही गं!" चोन म्हणाला, "माझी दारू मिरचीला चढली, मी कोरडाच!" हसता हसता तुला ठसका लागला होता. हे तू विसरली असतीस, तर मी एव्हाना माफही केलं असतं. पण तू विसरलेली नाहीस, आणि तेच मला फार लागलंय. तुझी आई म्हणते, "जाऊ दे गं, पोरगी मोठी झाली." मोठं व्हायला माझ्याच डोक्यावर पाय द्यायला हवा होता का?

आता लिहायचं कारण. बाटलीवरचा कागद मी नीट वाचला. कोंब वर येताच पहिली शिंपण करा, असं तू छापलंयस. ते चूक आहे. तू शहरात शिकायला गेलीस त्या वर्षी मी तेच केलं आणि अख्खा वाफा जाळला. कोवळ्या मुळांना हा अर्क सोसत नाही. चार पानं येईपर्यंत थेंबही द्यायचा नाही. लाज वाटली म्हणून तुला तेव्हा कळवलं नाही. गप्प बसून तुझी फजिती बघावी, असं दोन दिवस मनात होतं, खोटं कशाला बोलू? पण जळणार ते वाफे लोकांचे. काल चर्चमधली मिस्सा सुटल्यावर गावाला सांगितलं. निम्म्यांनी ऐकलं, बाकीचे म्हणाले, "इंजिनिअर बाईपेक्षा तुला जास्त कळतं होय?" दुसऱ्या गावांत तर मला कुत्रं ओळखत नाही. तुझं ऐकतील. हे पत्र बसच्या ड्रायव्हरकडे देते, उद्या तुला मिळेल. सोमवारच्या आत रेडिओवर सांग, दुकानादुकानांत सांग. आणि हे तुला कुणी शिकवलं असं कुणी विचारलंच, तर या वेळी माझं नाव घे.

अजूनही तुझीच,
निना ओब्दुलिया